खोटा निरोप्या

मेहकरच्या आमच्या छोट्या ऑफिसात एक वयस्कर सहकारी आहेत, ते सॉफ्टवेअर तपासतात. खुर्चीवर मांडी घालून बसतात. कोणाचाही कोड आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मेसेज पाठवणारा आतच कोंबला, का बाहेरून देऊन राह्यला?" मेसेज पाठवणारा कोडचा तुकडा बाहेरून दिला, तर तपासताना खऱ्याच्या जागी खोटा निरोप्या देता येतो. तो मेसेज नुसता लिहून ठेवतो, पाठवत नाही.

डोळ्यांच्या दवाखान्याच्या अ‍ॅपमध्ये मी तो आतच कोंबला आणि पेशंटच्या खऱ्या यादीतलं एक नाव घेऊन टेस्ट चालवली. 'उद्या दहा वाजता या' असा मेसेज अमडापूरच्या एका आजोबांना गेला. आजोबा नंबर नसताना डबा घेऊन एसटीनं दवाखान्यात हजर.

चहात साखर कमी पडली तरी अख्खं ऑफिस डोक्यावर घेणारा हा माणूस. पण त्या दिवशी मुकाट्यानं चपला घालून दवाखान्यात गेला, आजोबांजवळ दोन तास बसला, डॉक्टरांना विनवून त्यांचे डोळे तपासून घेतले आणि त्यांना एसटीत बसवून परतला. मला ते एवढंच म्हणाले, "खोटा काऊन नाही लावला बे?"

दुसऱ्या दिवशी माझ्या कोडला त्यांनी, तपासताना खरा मेसेज जात नाही ना हे पाहणारी, एक टेस्ट जोडली. ती अजून रोज चालते. नाव आहे, 'आजोबांना हेलपाटा पडू नये'.