आमच्या पडवीतल्या वसुधाताई

वसुधाताईंच्या साठीनिमित्त माझ्याकडे लेख मागणाऱ्या संपादकांना बहुधा ठाऊक नसावं, की मला या बाईंचा पहिल्या दिवसापासून हेवा वाटत आला आहे. आता मागितलाच आहे, तर घ्या!

दापोलीकडच्या ताई रत्नागिरीला आमच्या महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवायला आल्या. मी इतिहासाचा. संशोधनाचा विषय मात्र दोघांचा एकच निघाला: पुरुष मुंबईला गेल्यावर मागे घर चालवणाऱ्या बायका. मी प्रश्नावली घेऊन गावोगाव फिरलो. उत्तर एकच, "बरं चाललंय." ताई ज्या घरी जात, तिथलं काम हातात घेत. चर्चासत्रात त्या बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा कोकमांसाठी रातांबे फोडून त्यांची बोटं लालभडक झाली होती आणि सभागृह चिडीचूप. माझ्या निबंधाला अर्धे लोक चहाला गेले होते. जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू?

पुढे एका मे महिन्यात त्या आमच्याच गावी आल्या. मी बाजारातून परतलो तर पडवीत माझी आई आणि ताई रातांबे फोडत बसलेल्या. आई सांगत होती, "त्या वर्षी ह्यांचा पत्ताच नाय. गणपती मीच डोकीवर घेऊन आले. लोकांना सांगितलं, उद्याच्या गाडीनं येतायत." आणि खदखदून हसली. तेवढ्यात मी दिसलो. "आलास? चहा ठेवते," म्हणत उठली.

त्या गणपतीत मी घरातच होतो. बाबा मुंबईहून का आले नाहीत, हे मला कुणी कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ताईंना गाठून पुढचं विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, ते आईंनी मला सांगितलंय. तुम्ही त्यांनाच विचारा." कितीही विनवलं तरी बधल्या नाहीत. सांगणाऱ्या बाईच्या परवानगीवाचून त्यांनी आजवर एक ओळ छापलेली नाही. वर आपल्या पुस्तकात पहिले आभार माझेच मानले! माणसाला धड रागही धरू देत नाहीत.

आईला विचारलं. "तुला कशाला रे मेल्या ते? बाय कधी येतेय ते सांग. तिला पुढचं सांगायचंय."

ताई, आई आता फार थकली आहे. उद्या ती नसेल, तेव्हा माझ्यापेक्षा तुमच्यापाशीच ती जास्त उरलेली असेल. म्हणून तरी धडधाकट राहा आणि खूप जगा. या मे महिन्यात नक्की या. रातांबे मी आणून ठेवतो. तुम्ही पडवीत बसलात की मी बाहेर जाईन.