लिफ्टमधलं गप्प सिमकार्ड

न वापरलेली सिमकार्डं बंद करण्याच्या नादात काटछाटकाकांनी लिफ्टमधल्या मदतीच्या फोनचंही सिम बंद करून टाकलं, आणि मग त्याच लिफ्टमध्ये स्वतः अडकले. ते सिम गप्प होतं, कारण इतके दिवस कुणी अडकलंच नव्हतं. पण हा विचार काकांना लाल बटण पुन्हा पुन्हा दाबताना सुचला.

सरकारी कचेरीतली मोबाइलची खरेदी काकांकडे होती. कंपनी नव्या करारासोबत नवेकोरे फोन गळ्यात मारायला टपलेली. काकांचं म्हणणं, चालते फोन भंगारात कशाला घालायचे? बॅटऱ्या बदलू, नुसती सेवा विकत घेऊ. त्या प्रस्तावावर साहेबांची सही आजच हवी होती, आणि प्रस्ताव काकांच्या काखेत, लिफ्टमध्ये लटकलेला.

काकांनी बॅटरी बदललेला आपला जुना फोन काढून कचेरीच्या टेलिफोन ऑपरेटरताईंना लावला.

"ताई, लिफ्टमध्ये अडकलोय."

"अगंबाई! मग मदतीचं बटण दाबा की!"

"त्याचं सिम... मीच बंद केलंय."

पलीकडून आधी हसू आलं, मग अट. "माझ्या फोनचं झाकण रबरबँडवर तगून आहे. नवं देणार?"

"देतो हो! आधी मेकॅनिक पाठवा."

सुटल्यावर काकांनी घरी निघालेल्या साहेबांना जिन्यातच गाठलं. बातमी आधीच पोचली होती.

"जुना फोन लिफ्टमध्येही लागला म्हणता?" साहेबांनी हसत सही केली.

लिफ्टचं सिम लगेच सुरू झालं. काका मात्र हल्ली जिन्यानं जातात आणि ऑपरेटरताईंच्या टेबलावरून जरा लगबगीनंच पुढे सरकतात. रबरबँड अजून तिथंच आहे.