दर्शना शिवलकर आणि राहून गेलेलं पद

दर्शना शिवलकर रत्नागिरीच्या एका कॉलेजात नऊ वर्षं तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवते आणि उरल्या वेळात कृष्णविवरांवर संशोधन करते. कृष्णविवराच्या आतली अवस्था अगदी पहिल्यापासून रचायची तर आकडेमोडीच्या किमान किती पायऱ्या लागतील, ही त्याची संगणकीय किचकटता. ती काळाबरोबर वाढते, पण वाढीच्या वेगाला मर्यादा असावी असा कयास आहे. गुरुत्वाकर्षणाचे नियम थोडे बदलले तर ती मर्यादा टिकते का, हा दर्शनाचा प्रश्न.

प्राचार्यांनी त्यातला ‘संगणकीय’ एवढाच शब्द वाचला आणि ऑनलाइन प्रवेशाचं काम तिच्या गळ्यात घातलं. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी बोलावणं तिलाच.

जानेवारीत उत्तर निघालं: मर्यादा मोडते. निबंध परदेशी नियतकालिकाकडे गेला. गेला, एवढंच. पण तिचे वडील भिकाजी, सारा जन्म बोटीवर काढलेले, त्यांनी ते बंदरावर सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी पेपरात आलं, ‘रत्नागिरीच्या कन्येने मोडली विश्वाची मर्यादा’. लगोलग एका मंडळाने सत्कार जाहीर केला.

सत्काराच्या आदल्या दिवशी नियतकालिकाच्या परीक्षकाचं पत्र आलं. समीकरणात सीमेवरचं एक पद धरायचं राहिलं होतं. दर्शनाने ते घालून दोनदा आकडेमोड केली. मर्यादा जागच्या जागी, ठणठणीत. सकाळी ती मंडळाचे अध्यक्ष आप्पा सुर्वे यांच्याकडे गेली.

“आप्पा, सत्कार रद्द करा. माझं उत्तर चुकलं.”

“आता? शाल आणलीय, पाहुणे चिपळूणहून निघालेत!”

“पण मर्यादा मोडत नाही हो.”

“अगो, मग न मोडल्याचा सत्कार करू. आमचं काय जातंय?”

सत्कारात पाहुण्यांनी कृष्णविवर म्हणजे श्रीकृष्णाची गुहा असं धरून वीस मिनिटं गीता सांगितली. मग दर्शना उठली. “माझा निष्कर्ष चुकीचा होता. एक पद राहून गेलं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्राचार्य घाईने पुढे झुकून कुजबुजले, “मॅडम, पदाचा विषय इथे नको. तुम्हाला कायम करायचा प्रस्ताव वर पाठवलाय.”

पुढचे चार महिने तिने सगळं नव्याने मांडलं. मर्यादा का टिकते, तेही दाखवलं. निबंध छापून आला. त्या संध्याकाळी ती भाट्याच्या किनाऱ्यावर एकटीच तासभर बसली. इतका आनंद झाला होता, की कुणाला सांगून तो नासवायची तिची तयारी नव्हती.