फुग्यांचं मतदान

डहाणूला फुगे बनतात म्हटलं की बाहेरगावची माणसं आधी हसतात. हसू देत. डहाणूतल्याच मसोलीच्या फॅक्टरीत पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा मीही हसतच सुटले होते. पातळ रंगीत रबरात बुडून वर येणारे साचे, भट्टीतून सुकून निघणारे फुगे आणि ते तपासत टेबलाभोवती बसलेल्या आम्ही बायका. घरी जाताना नखांतसुद्धा रंग असायचा. हे काम सोडायची वेळ आली तेव्हा मला चक्क रडू फुटलं, आणि मी काही रडकी बाई नाही.

अडचण वेळेची होती. फॅक्टरी सातला सुरू व्हायची आणि मी राहते लांब तलासरीकडे, उधव्याला. सकाळची जीप भरल्याशिवाय हलायची नाही, त्यामुळे मला रोज उशीर आणि रोज बोलणी. मी उलट उत्तर द्यायची, की आणखी बोलणी. तेवढ्यात गुजरातच्या हद्दीतल्या एका मोठ्या कंपनीने मला बोलावलं. त्यांची बस थेट उधव्याच्या नाक्यावर यायची. घरच्यांनी मला न विचारताच हो म्हणून टाकलं.

"शनिवारी त्यांचा फोन येईल," सासू म्हणाली. "कधीपासून येते तेवढं सांग."

म्हणजे माझ्या बोलण्यासाठी तेवढीच जागा ठेवली होती. मी आतून धुमसत होते.

त्याच आठवड्यात आमच्या शेठने कारभार सुनेच्या हाती दिला. तिला आम्ही भाभी म्हणायचो. दुपारी आमचे डबे उघडलेले असताना ती आली आणि म्हणाली, "कामाची वेळ तुम्हीच ठरवा. सातला यायचं की साडेआठला? जे ठरेल ते मला मान्य."

कुणी घासच गिळेना. शेवटी एकीने विचारलं, "भाभी, तब्येत बरी आहे ना?"

भाभीच आधी हसली, मग आम्ही सगळ्या. आणि लगेच भांडण जुंपलं. तलासरीकडच्या आम्हाला साडेआठ हवे होते. धाकटी डहाणूच्या बायकांना सातच हवे होते, कारण लवकर सुटलं तरच त्यांना होड्या किनाऱ्याला लागायच्या वेळेला घरी पोचता यायचं.

"मासळी काय माझी वाट बघत बसेल?" त्यांतली एक म्हणाली.

"आणि जीप काय माझ्यासाठी न भरता सुटेल?" मी ओरडले.

इतक्या आनंदाने मी आयुष्यात कधी भांडले नव्हते. घसा बसला, पण मजा आली. आमच्या भांडणाला एवढी किंमत आहे हेच मुळी नवीन होतं.

शेवटी मतदान करायचं ठरलं. लाल फुगा म्हणजे सात, पिवळा म्हणजे साडेआठ. प्रत्येकीने एकच फुगा फुगवायचा, गाठ मारायची आणि छताला टांगलेल्या जाळ्यात सोडायचा. जाळं धाकटी डहाणूहून आलं, त्याला अजून खाडीचा वास होता. मी गाल दुखेपर्यंत पिवळा फुगवला. जाळं असं भरलं की आत लग्न आहे असं वाटावं.

मोजायचं काम चेकिंगच्या सगळ्यात जुन्या मावशीकडे दिलं. मावशीने पहिला फुगा काढला, ट्यूबलाइटसमोर धरला, फिरवला आणि बाजूला ठेवला. दुसरा काढला, धरला, पातळ जागा दिसली, चिमटा काढला. फाट्! तिसरा, फाट्! आम्ही टाळ्या वाजवतोय. आपलं सरकार बुडतंय हे आमच्या लक्षातच आलं नाही. त्या दिवशीचा पिवळा माल कच्चा निघाला होता आणि मावशी एकेक पिवळा टिपत चालली होती.

"मावशी!" मी किंचाळले. "ते मत होतं माझं!"

"असेल," मावशी शांतपणे म्हणाली. "पण माल खराब होता. माझ्या हातून खराब माल पुढे जायचा नाही."

यावर भाभी खाली जमिनीवर बसून हसली. कुणाला उचकी लागली, कुणी पदरात तोंड खुपसलं. मी चिडलेलीही होते आणि हसून पोटही दुखत होतं.

मग पॅक केलेल्या चांगल्या पेटीतले फुगे काढले आणि पुन्हा मतदान झालं. या वेळी एकही फुगा फुटला नाही. लालच जिंकला. सरळ, स्वच्छ.

हसणं थांबलं. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण गुजरातचं बोलावणं सगळ्यांना ठाऊक होतं.  पण मी गप्प बसणार नव्हते.

"सात तर सात," मी म्हटलं. "पण मग आम्ही यायचं कसं तेही इथेच ठरवा. मालाचा टेम्पो रात्री तलासरीला ड्रायव्हरच्या घरी असतो. सकाळी तो रिकामा येतो. त्याने आधी उधव्याला यावं आणि आम्हाला घेऊन यावं."

"ठरलं!" सगळ्यात आधी ओरडली ती माझ्याशी भांडलेली धाकटी डहाणूवाली. फुगे लागलेच नाहीत. नुसते हात वर झाले. भाभीने ड्रायव्हरला तिथूनच फोन लावला.

शनिवारी माझा फोन वाजला.

"बेन, सोमवारपासून येता ना?" गुजरातचा माणूस म्हणाला.

"नाही यायची."

"का? बस आहे, जेवण आहे."

"इथे सोमवारी आवणीच्या, भात लावायच्या सुट्ट्या ठरवायच्यात. मी नसले तर बाकीच्या ठरवून मोकळ्या होतील."

"सुट्ट्या तुम्ही ठरवता?"

"मग कोण ठरवणार?" मी असं म्हटलं, जणू आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय.

 तो आवाज खाली आणून म्हणाला, "बेन, तुमच्याकडे पुरुषांना घेतात का?"

"ते मला एकटीला नाही सांगता यायचं," मी म्हटलं. "सगळ्यांना विचारून कळवते."