आतली कडी

परवा मुलाने त्याच्या बापाची पलटणीतली ट्रंक उघडली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि मेलेल्या सासूवरचा माझा राग पुन्हा उफाळला. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी संक्रांतीला चार दिवस येऊन गेलेला नवरा पुन्हा महिन्याच्या रजेवर आला, तेव्हा मला तिसरा महिना लागला होता. ओकाऱ्या थांबल्या होत्या आणि अंगाला नुसती त्याची ओढ लागली होती. सांगलीच्या डॉक्टरीणबाई काही हरकत नाही म्हणाल्या होत्या, तरी सासूबाईंनी माझं अंथरूण आपल्यापाशी टाकलं आणि त्याला तालमीत झोपायला धाडलं. तो मुकाट्याने जायचा, म्हणून त्याचाही मला संताप यायचा. रजा संपली त्या दुपारी, तापल्या पत्र्याखाली तो ही ट्रंक भरत होता. मी आत गेले आणि कडी लावली. सासूबाईंनी दार बडवलं, "आगं, पोटात प्वार हाय, लाज न्हाई व्हय?" मी आतून ओरडले, "तुमच्याच लेकाचं हाय!" त्या बडवत राहिल्या आणि मी त्याला जवळ ओढलं. असं सुख मला तोवर ठाऊक नव्हतं. पुढे पोराच्या गालावर डाग निघाला. मरेपर्यंत त्या आल्यागेल्याला तो दाखवायच्या, "हिच्या त्या दुपारचा हाय." परवा त्याच पोराने ट्रंकेतून घोंगडी काढली, "आई, हिला तिसरा लागलाय, तुझ्यापाशी झोपू दे." सुनेचं तोंड एवढंसं झालं होतं. मी घोंगडी ट्रंकेत परत कोंबली आणि तिला म्हटलं, "जा, आतनं कडी लाव. मी बसते दारात, कोण बडवायला येतंय ते बघते."