भाऊजींनी निवडलेलं सॉफ्टवेअर

माझे धाकटे दीर शिलाई मशीन दुरुस्त करायचे. करायचे म्हणते, कारण आता करत नाहीत. ते का, तेवढंच इथे सांगायचं आहे.

बाजाराच्या इमारतीत तळमजल्यावर एकेचाळीस वर्षं त्यांचा गाळा होता. गाळा केवढा, तर आत दोन माणसं शिरली की तिसऱ्यानं श्वास बाहेर उभं राहून घ्यायचा. एका भिंतीला डबेच डबे. सुयांचा वेगळा, बॉबिनचा वेगळा, पट्ट्यांचा वेगळा. दुसऱ्या भिंतीला गिऱ्हाइकांची मशीनं रांगेत, प्रत्येकाच्या मानेला चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठीवर बाईचं नाव नसायचं, मशीनचं दुखणं असायचं. ‘धागा तोडते.’ ‘मागे चालत नाही.’ ‘रडते.’

माझे यजमान गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. भाऊजी सहासष्ट वर्षांचे, मी चौऱ्याहत्तर. त्यांनी लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायचे, “एवढ्या बायकांची मशीनं माझ्या गळ्यात आहेत, आणखी एक बाई ठेवू कुठे?” मी म्हणायची, “ठेवायला जागा नाही म्हणू नका, कुणी राहायला तयार नाही म्हणा.” मग हसायचे. खरं काय ते मला ठाऊक आहे, पण ते त्यांनी मला सांगितलेलं नाही, म्हणून मीही सांगत नाही.

गाळा त्यांना कमी भाड्यात होता. जुन्या कारागिरांसाठी बाजार कार्यालयानं तसे थोडे गाळे राखून ठेवले होते आणि त्यांना अट एकच. दर वर्षी कराचं विवरणपत्र मुदतीत भरायचं आणि ते भरल्याची करखात्याची पोच कार्यालयात नेऊन दाखवायची. एक वर्ष चुकलं की गाळा वाट बघणाऱ्यांच्या यादीतल्या पुढच्या माणसाला. भाऊजींचं एकदाही चुकलं नाही. फॉर्म आणायचे, आधी सगळा पेन्सिलीनं भरायचे, दोन दिवस तसाच ठेवायचे, पुन्हा वाचायचे, मग शाईनं गिरवायचे. पाकीट चिकटवायचं काम माझं. ते रजिस्टर टपालानं जायचं आणि महिन्या-दीड महिन्यात शिक्का मारलेली पोच घरी यायची. एखाद्या सल्लागाराकडे द्या म्हटलं तर त्यांना अपमान वाटायचा. “माझ्या कमाईचा हिशोब परक्या माणसानं का मांडायचा? मी काय चोरी केली आहे?”

यंदा करखात्याची सूचना आली. छापील फॉर्म मिळणार नाहीत. विवरणपत्र मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरवर तयार करावे. खाली तीन सॉफ्टवेअरची नावं. भाऊजींनी ती सूचना तीनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मात्र उठले ते वेगळेच. मला म्हणाले, “वहिनी, तीन मशीनं आहेत म्हणायचं. तीनही चालवून बघायची. जे चांगलं शिवेल ते घ्यायचं.”

“चालवून बघायला तुम्हाला येतं का?”

“मला पहिलं मशीन तरी कुठे येत होतं?”

वाचनालयात खिडकीजवळ एक संगणक आहे. एका माणसाला चाळीस मिनिटं मिळतात. तिथल्या ग्रंथपाल बाई मोठ्या शिस्तीच्या. चष्म्याला साखळी, बोलणं गोड पण मोजून. त्यांनी भाऊजींना संगणक चालू करून दिला, त्या तीन नावांपर्यंत नेऊन पोचवलं आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. “काका, इथून पुढचं तुमचं खासगी. दुसऱ्याच्या पडद्याकडे बघायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे.”

भाऊजींना तो नियम फार आवडला. घरी येऊन दोनदा सांगितला.

आता मशीन दुरुस्त झालं की भाऊजी ते गिऱ्हाइकाच्या कापडावर कधीच चालवत नसत. आधी चिंधी घ्यायची, मुद्दाम जाडभरडी, दुमडलेली, आणि तिच्यावर टीप मारून बघायची. मशीन बिघडलेलं असेल तर चिंधीवर कळतं. तसंच त्यांनी इथे केलं. स्वतःचा हिशोब न घालता एक खोटा माणूस उभा केला. त्याचं नाव चिंधीशेठ. चिंधीशेठला मुद्दाम चुका करायला लावायच्या आणि कुठलं सॉफ्टवेअर पकडतं ते बघायचं. तीन आठवडे हेच चाललं होतं. संध्याकाळी घरी आले की मी विचारायची, “काय म्हणतात चिंधीशेठ?” आणि ते सांगायचे.

पहिल्या सॉफ्टवेअरला त्यांनी नाव ठेवलं गोडबोल्या. पान संपलं की त्याच्यावर फुगे यायचे आणि ‘वा, छान चाललंय!’ असं यायचं. भाऊजींनी चिंधीशेठच्या गाळ्याचं भाडं त्याच्या कमाईच्या दहापट लिहिलं. तरी गोडबोल्या म्हणाला, उत्तम! भाऊजी संतापले. “हा माणसाला खड्ड्यात ढकलेल आणि वरून टाळ्या वाजवेल.”

दुसरा कंजूष. सहा पानं फुकट. सातव्या पानावर गाळा आहे असं सांगितलं की दार बंद, आता पैसे भरा. “आधी का नाही सांगितलंस बाबा?” असं भाऊजी त्याला मोठ्यानं म्हणाले आणि ग्रंथपाल बाईंनी त्यांना गप्प केलं.

तिसरी मास्तरीण. पहिल्याच पानावर किंमत सांगितली, थोडीच होती. फुगे नाहीत की टाळ्या नाहीत. भाड्याचा आकडा घातला तर लाल रेघ आली. ‘हा आकडा पुन्हा तपासा.’ जन्मसाल चुकवलं तरी तेच. एकसष्टाव्या वर्षी चिंधीशेठला नऊ वर्षांचा भाऊ दाखवला, तर त्यालाही रेघ. भाऊजींचा चेहरा काय फुलला होता! “बाई कडक आहे, पण मनात काळंबेरं नाही. हीच घ्यायची.” गाळ्यावर येणाऱ्या शिवणवाल्या बायकांनाही ते सांगायला लागले, सॉफ्टवेअर निवडायचं असेल तर मला विचारा. एवढ्या उमेदीत मी त्यांना कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

मग चिंधीशेठला निरोप दिला आणि स्वतःचं विवरणपत्र भरायला घेतलं. त्यातही आधी वहीत पेन्सिलीनं, मग पडद्यावर. चार खेपा झाल्या. भाऊजींकडे फोन नाही, म्हणून मास्तरणीला त्यांनी माझा नंबर दिला होता. मुदतीला नऊ दिवस बाकी असताना म्हणाले, “वहिनी, आज चला. शेवटच्या पानाला तुमच्या फोनवर एक आकडा येणार आहे.”

मी त्यांच्याशेजारी खुर्चीवर बसले. शेवटचं पान उघडलं. माझा फोन थरथरला. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, बोट ठेवून वाचते. सहा आकडे होते आणि त्यांच्याखाली ओळ होती. मी ती हळू आवाजात वाचली, “हा आकडा कुणालाही सांगू नका.”

भाऊजींचे हात थांबले. “काय म्हणालात?”

“कुणालाही सांगू नका. कुणीही विचारला तरी. फसवणूक होऊ शकते.”

“पण ही तर विचारते आहे. इथे चौकट केली आहे.”

“बँकेत पण पाटी आहे हो. आकडा सांगितला की खातं रिकामं. आपल्या वरच्या मजल्यावरच्या बाईंचं गेलं ना सगळं?”

पडद्यावर त्या चौकटीच्या कोपऱ्यात वेळ कमी कमी होत होता. चार मिनिटं. तीन मिनिटं. ग्रंथपाल बाई आमच्याकडे पाठ करून पुस्तकं लावत होत्या. एक हाक मारली असती तर आल्या असत्या. पण पडद्यावर भाऊजींची सगळी कमाई उघडी होती, आणि ते खासगी होतं.

“काय करायचं, वहिनी? फोन तुमचा आहे.”

आणि मी म्हणाले, “लिहिलंय नको, तर नको. सांगायचा नाही.”

त्यांनी मान हलवली. त्यांनाही पटलं. नियम म्हणजे नियम. वेळ संपला, चौकट पुसली गेली आणि खाली दोन शब्द राहिले. ‘प्रत छापा.’ त्यांनी ते दाबलं. यंत्रातून कागद आला, गरम गरम. बघितला तर हुबेहूब आपला जुना फॉर्म! त्याच चौकटी, त्याच रांगा, खाली सहीची जागा. भाऊजींना इतका आनंद झाला की त्यांनी तो कागद गालाला लावला. “बघा! म्हणजे आकड्याबिकड्याचं काही कामच नव्हतं. तयार करायचं सॉफ्टवेअरवर, सूचनेत तेच तर लिहिलंय. तयार झालं.”

वरच्या कोपऱ्यात फिकट राखाडी अक्षरांत ‘फक्त स्वतःजवळ ठेवण्यासाठी’ असं छापलं होतं. ते आम्हाला नंतर दिसलं. त्या दिवशी त्यांनी सही केली, मी पाकीट चिकटवलं, आणि नेहमीसारखं ते रजिस्टर टपालानं गेलं.

दीड महिना पोच आली नाही. यंदा नवीन पद्धत आहे, उशीर होणारच, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. बाजार कार्यालयाचं बोलावणं आलं तेव्हा भाऊजी टपालाची पावती घेऊन गेले. मीही बरोबर होते. तिथल्या कारकुनानं ती पावती उलटसुलट करून बघितली.

“आजोबा, ही टपालाची आहे. मला कराची पोच पाहिजे.”

“तारीख बघा ना. मुदतीच्या नऊ दिवस आधीची आहे.”

“टपालानं आता कुणी घेत नाही हो. ऑनलाइन सादर करायचं असतं. तुम्ही सादर केलंत का?”

“तयार केलं. स्वतः केलं. एकही चूक नाही त्यात.”

“सादर केलंत का?”

भाऊजी माझ्याकडे बघायला लागले. सादर करणं म्हणून आणखी काही वेगळं असतं, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं. मी त्यांचा दंड धरला. कारकून वाईट नव्हता. त्यानं पाणी दिलं. म्हणाला, आजच भरा, दंड थोडाच बसेल. गाळ्याचं विचारलं तेव्हा त्यानं कागद सरळ करायला घेतले. “मुदतीत ही अटच आहे, आजोबा. मी काही करू शकत नाही.”

पाकीट परत आलं ते त्याच आठवड्यात. उघडलेलंसुद्धा नव्हतं. माझी चिकटवण तशीच होती, वर शिक्का, कागदी विवरणपत्र स्वीकारले जात नाही.

वाचनालयात गेलो. या वेळी ग्रंथपाल बाईंनी पाठ फिरवली नाही. माझ्या फोनवर आकडा आला, त्यांनी तो बघितला, चौकटीत घालायला सांगितला. “काकू, हा माणसाला सांगायचा नसतो. इथे टाकायचा असतो.” भाऊजींनी एका बोटानं सहा आकडे टाकले. सगळं मिळून चार मिनिटं लागली. मास्तरीण म्हणाली, ‘सादर झाले.’ खाली लाल अक्षरांत, ‘मुदतीनंतर.’

बाईंचे डोळे भरून आले. “मला एकदा विचारायचंत हो, काका.”

“तुमचा नियम होता ना,” भाऊजी म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

बाजार कार्यालयात अर्ज केले, दोनदा भेटून आलो, उपयोग झाला नाही. पंधरा दिवसांत गाळा रिकामा करायचा होता. यादीतला पुढचा माणूस चपला दुरुस्त करणारा निघाला, त्याला तीन लहान मुलं. त्याच्यावर राग तरी कसा धरायचा? भाऊजींनी दुरुस्त झालेली मशीनं बायकांना पोचती केली, न झालेलीही तशीच परत दिली. एक म्हातारी शिवणवाली भांडली, “माझं अर्धवट का देता?” घरी आणून काम करावं तर आमच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर. एकेक मशीन उचलून वर आणायचं त्यांच्या गुडघ्यात बळ नाही, आणि घरमालक खालच्या जिन्यात बसू देत नाही. डबे भंगारात गेले. सुयांचा डबा तेवढा ठेवायचा होता, तोही देऊन टाकला.

आता ते खिडकीत बसतात. वेळेवर जेवतात, ताट उचलून ठेवतात, भाजी आणून देतात. मी थट्टा केली तर हसल्यासारखं करतात. माझा फोन थरथरला की मात्र उठून बाहेर जिन्यात जाऊन उभे राहतात. आवाज बंद करून ठेवला तरी त्यांना कळतं.

मला वाटायचं, एकदा ओरडावं माझ्यावर. एकदा म्हणावं, वहिनी, तुम्ही नको म्हणालात म्हणून गेलं. तेवढं तरी माझ्या अंगावर घ्यायला मिळालं असतं. परवा भाजी निवडता निवडता मीच विचारलं, “भाऊजी, माझ्यामुळे गेला ना गाळा?”

त्यांनी माझ्या पुढ्यातली पिवळी पानं गोळा केली. मग म्हणाले, “नाही, वहिनी. फोननं नको सांगितलं, ते तुम्ही ऐकलंत. मी तीन आठवडे पारखून घेतलं. बाईंनी नियम पाळला. सगळ्यांनी बरोबरच केलं.”

मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “मग आता पुढच्या वर्षी वेगळं काय करायचं असतं?”

हातातली भाजी मी पुन्हा निवडायला घेतली, निवडून झालेली होती तरी.