सतराचा पाढा आणि सहा हजार मीटर

बाभुळगावच्या शाळेत मी वीस-एक वर्षं विज्ञान शिकवते. उंचावर हवेचा दाब कमी होतो, पाणी लवकर उकळतं, माणसाला प्राणवायू पुरत नाही, हे दरवर्षी फळ्यावर लिहायचं आणि पुसायचं. आपण स्वतः यातलं काही पाहिलेलं नाही, हे मला चाळिशी उलटल्यावर एकाएकी खुपायला लागलं. लडाखमधल्या सहा हजार मीटरच्या एका शिखराची जाहिरात पाहिली आणि घरी सांगून टाकलं.

नवरा एसटीत आहे. तो म्हणाला, "तिथं हवाच नाही म्हणते, मंग जाऊन करशील काय?"

"हवा कमी झाल्यावर काय होते, तेच पाहाचं आहे."

तो हसला, पण दुसऱ्या दिवशी त्यानंच माझ्या पाठपिशवीत दहा किलो तूरडाळ भरून दिली. ती घेऊन मी एप्रिल-मेत उन्हं चढायच्या आत शाळेचे जिने चढत-उतरत असे. समोरच्या घरातल्या काकूंनी एकदा मला थांबवून पिशवीकडे पाहत विचारलं, काय इकून राह्यल्या मॅडम, भाव काय?

जुलैत गेले. पायथ्याच्या तळावर दोन दिवस नुसतं हवेची सवय होण्यासाठी थांबायचं होतं. शाळेतला थर्मामीटर बरोबर नेला होता. स्टोव्हवर पाणी खदखदत होतं आणि पारा त्र्याऐंशीच्या पुढे सरकेना. माझा वाटाड्या तिथलाच होता, पन्नाशीचा, मितभाषी. पाणी इतक्या कमी तापमानाला उकळतं म्हणून इथला भात रोज कच्चा राहतो, हे मी सांगितल्यावर त्याला कळलं. मग त्यानं माझी चौकशी सुरू केली. आमच्याकडे उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश होतात म्हटल्यावर त्याला खरं वाटेना. अशा उन्हात जनावरं कुठं जातात, हे तो पुनःपुन्हा विचारत राहिला.

माझं कुतूहल मात्र आता डोक्याबद्दल होतं. कमी हवेत विचार कसा चालतो? म्हणून मी ठरवलं, दर विश्रांतीला सतराचा पाढा म्हणायचा. लहानपणापासून तो मला कधीच चुकला नव्हता.

शिखराच्या दिवशी पहाटेच निघालो. बुटांना लोखंडी दाते बांधलेले, दोघांच्या कमरेत एकच दोर, तो पुढे, मी मागे. दहा पावलं, मग उभ्यानं दम घ्यायचा, आणि तासाभरानं बसून विश्रांती. पहिल्या तीन विश्रांतींना पाढा सरळ आला. ऊन पडलं, बर्फ चमकायला लागला. माथ्यावरच्या पताका दिसल्या. तासाभराचीच चढण उरली असेल. तिथं बसून मी म्हटलं, सतरा पंचे पंच्याऐंशी. खात्रीसाठी पुन्हा म्हटलं, तर तोंडातून पंच्याण्णव आलं. मी दोन्ही आकडे मनात शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही बरोबर वाटले. घाबरायला हवं होतं, पण मला त्याची गंमत वाटत होती. उठले आणि दात्यांचा पाय दोरावरच ठेवला; त्यानं दोर कापला जाऊ शकतो, हेही सुचलं नाही.

वाटाड्या वळला. डोकं दुखतं का, त्यानं विचारलं. नाही, मी म्हणाले. दुखत नव्हतंच. खोटं बोलावं लागणारच नव्हतं, नुसतं गप्प राहिलं असतं तरी वर जायला पुरे होतं. पण मी त्याला पाढ्याचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, एकदा पताकांकडे पाहिलं आणि दोर गुंडाळत माझ्या खालच्या बाजूला येऊन उभा राहिला. उतरायचं, एवढंच म्हणाला.

अर्धा उतार मी त्याच्यावर चिडून होते. नंतर स्वतःवर. तळाच्या जवळ आल्यावर पाढा आपोआप आला, शेवटपर्यंत, आणि मी एका दगडावर बसून रडले. वाटाड्या जरा लांब जाऊन पाठ करून उभा राहिला.

गावी परतले तेव्हा शाळा सुरू होऊन महिना झाला होता. नववीच्या वर्गात सगळं सांगितलं, वर पोचले नाही हेही. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, दोन्ही उत्तरं बरोबर वाटत होती, तर मंग काहीतरी चुकून राह्यलं हे तुमाले कळलं कसं?"

मी खडू खाली ठेवला. या प्रश्नाचा विचार मी तोवर केलाच नव्हता. तिला म्हटलं, "मले नाही माहीत. तुले काय वाटते?" ती उभी राहिली आणि तासाचा उरलेला सगळा वेळ त्यातच गेला.